भाच्याचा ऑर्केस्ट्रा, पहिल्या रांगेतला सोफा आणि माझा डावा कान

वडगावचा मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेडगळ वाटेल, पण हसू नका.

माझा भाचा ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणजे ते काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक ड्रमचं पॅड. वय बावीस. गणपती, नवरात्र, गावोगावच्या लक्ष्मी यात्रा, साखरपुडे, सीझन सुरू झाला की पोरगं घरी सापडत नाही. त्याला पहिलं पॅड मीच हप्त्यावर घेऊन दिलेलं. त्यामुळे बेळगावच्या आसपास कुठंही कार्यक्रम असला की मला बोलावणं येतं आणि मीही आवडीनं जातो. जुनी गाणी लागली की मला घर आठवत नाही, असं बायकोचं म्हणणं. खोटं नाही.

अडचण मानाची आहे. मामा आला म्हटलं की मंडळाची पोरं धावत येतात, हाताला धरून पुढं नेतात आणि सोफ्यावर बसवतात. तो सोफा तुम्हीही बघितला असणार. मंडपवाल्याचा, लाल मखमलीचा, एका कोपऱ्यातून स्पंज बाहेर आलेला. एका बाजूला पंचायतीचे मेंबर, दुसऱ्या बाजूला यात्रा कमिटीचे अध्यक्ष, मधे मी. आणि समोर आठ-दहा हातांवर कपाटाएवढे बेसचे स्पीकर, एकावर एक रचलेले.

मागच्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावात यात्रेचा कार्यक्रम होता. साडेतीन तास चालला. सोफ्याच्या दांडीवर ठेवलेला माझा चष्मा ठेक्यासरशी सरकत सरकत खाली पडला. अध्यक्ष कानाशी येऊन काहीतरी बोलले. मला ओठ हलताना दिसले, शब्द एक नाही. मान देणाऱ्या माणसाला तीन-तीनदा "काय? काय?" कसं विचारायचं, म्हणून मी हसून "हो हो" म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर माइकवरून कळलं की पुढच्या वर्षीच्या कबड्डीचं दुसरं बक्षीस माझ्याकडून आहे.

ते जाऊ दे. रात्री दीडला गाडीला किक मारली तर इंजिन चालू झालंय की नाही तेच समजेना. हात टाकीवर ठेवून बघितला. उजवा कान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटला. डाव्यात मात्र तेव्हापासून एक बारीक शिट्टी आहे, शेजारच्या घरात कुकर लावल्यासारखी. दिवसा कळत नाही, उशीला डोकं टेकलं की सुरू. आज तीन आठवडे झाले. माझं साड्यांचं छोटं दुकान आहे. परवा सुताचा व्यापारी कन्नडमध्ये भाव सांगत होता, एप्पत्तु म्हणजे सत्तर. मी एंबत्तु ऐकलं आणि ऐंशीच्या हिशेबानं पैसे मोजले. तो प्रामाणिक निघाला म्हणून बरं.

हसण्यावारी न्यायला मी तयार होतो, पण आमच्या घरात कानाचा इतिहास आहे. अप्पा माझे यंत्रमागावर होते. बेळगावच्या वडगाव-खासबागात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना तो आवाज सांगायला नको. चार माग एका खोलीत, धोट्याचा खटका वर पत्र्याला आपटून खाली यायचा. अप्पा आणि त्यांचा जोडीदार हातवाऱ्यांनीच बोलायचे. सूत तुटलं, चहा आला, मालक आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. करंट गेला की अख्खी गल्ली एकदम गप्प व्हायची. त्या शांततेत एकट्या अप्पांचा आवाज ऐकू यायचा, कारण ते अजून मागाच्या आवाजावर आवाज चढवून बोलत असायचे. पन्नाशीत त्यांना नीट ऐकू येईनासं झालं. शेवटी शेवटी तर माग सुरळीत चाललाय का ते बघायला ते लाकडावर तळहात ठेवायचे.

त्या रात्री गाडीच्या टाकीवर हात ठेवला तेव्हा मला तो हात आठवला.

अप्पांना इलाज नव्हता, पोटाचा प्रश्न होता. मी हौसेनं जातो. मला जाणं सोडायचं नाही. पण बहिणीला आणि भाच्याला वाईट न वाटता, मंडळाचा अपमान न करता, हा आवाज सोसायचा कसा? कापूस घालून भागतं का? आणि सोफ्यावरून उठायचं काय कारण सांगायचं?

गप बसा की

मामा, वय झालं. घरी रेडिओ लावून बसा. पोरांना नाचू द्या की ओ. आवाजच नको तर ऑर्केस्ट्राला जायचं कशाला, भजनाला जावा.

सिस्टीमवाला, निपाणी

वरच्या भावानं भजनाला जावा म्हणून सांगितलंय, पण आमच्याकडं हल्ली भजनालाही चार टॉप (बारीक, उंच आवाजाचे स्पीकर) मागवतात. असो.

मामा, मी वीस वर्षं मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करायच्या टेबलावर बसतोय. तुमच्या सोफ्याचं दुखणं मला रोज दिसतं. पैसे देणारी माणसं सगळ्यात वाईट जागेवर बसतात आणि त्यांनाच वाटतं की तोच मान.

आधी आवाज कसा पसरतो ते ऐका. बेस चहूकडं जातो. त्याला पुढं-मागं नाही, स्टेजच्या मागं चहा करणाऱ्या बाईलाही तो तेवढाच हलवतो. टॉप मात्र टॉर्चसारखा. ज्याच्या तोंडावर मारला त्यालाच लागतो. आता गावाकडं टॉप बेसवरच ठेवून देतात, म्हणजे बरोबर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला गाणं ऐकू जावं म्हणून पहिल्या रांगेला भाजून काढायचं, असा तो प्रकार. तोच टॉप दहा-बारा फूट उंच चढवून थोडा खाली झुकवला तर पुढं-मागं फरक बराच कमी होतो. त्याला स्टँड लागतो, वेळ लागतो, दोन माणसं जास्त लागतात. मंडळ म्हणतं, राहू दे.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. पाच मीटरवरून दहावर, दहावरून वीसवर गेलात की १२ गेले. गल्लीत हा हिशेब चालत नाही, दोन्हीकडच्या भिंती आवाज परत अंगावर टाकतात. मंगल कार्यालयात कोपरा धरू नका आणि भिंतीला टेकू नका, बेस तिथंच साठतो. लोक नेमके "मागं भिंतीला बसू, बरं पडेल" म्हणतात आणि डोकं धरून घरी जातात.

मग बसायचं कुठं, तर मिक्सरजवळ. मी गाणं तिथं बसून लावतो म्हटल्यावर सगळ्यात बरं तिथंच ऐकू येणार. आणि तुमच्या मानाचाही प्रश्न सुटतो. मंडळाच्या पोराला सांगायचं, "भाच्याचं पॅड कसं येतंय ते मागून ऐकून बघतो." बघा, खुर्ची स्वतः आणून देतील. मामाला सेटिंग कळतं म्हणून भाव वाढेल तो वेगळाच.

आता आमची चूकही कबूल करतो. आवाज चढतो तो बऱ्याचदा स्टेजवरून. गिटारवाला म्हणतो मला माझं ऐकू येईना, त्याचा मॉनिटर (स्टेजवर त्याच्याकडं तोंड केलेला स्पीकर) वाढवला. की-बोर्डवाल्याला मग त्याचं ऐकू येईना. गाणाऱ्या ताईच्या माइकात हे सगळं शिरतं आणि माइक शिट्टी मारतो. स्टेजवर एवढा गोंधळ असला की त्याच्यावर गाणं काढायला मला बाहेरचं वाढवावंच लागतं. रात्री अकरापर्यंत माझेच कान दमतात. आठ वाजता बरोबर वाटलेला आवाज अकराला कमी वाटतो आणि हात आपोआप वर जातो. मी आता सुरुवातीलाच मास्टरला (सगळ्या आवाजाच्या मुख्य बटणाला) चिकटपट्टी लावून ठेवतो. ह्याच्या वर नाही म्हणजे नाही.

आणि मंडळाचं पोरगं येऊन "अण्णा, वाढवा" म्हटलं की मी एक फेडर (आवाजाचं सरकतं बटण) त्याच्यासमोर ठसक्यात वर करतो. त्या फेडरला काहीच जोडलेलं नसतं. पोरगं मान डोलावतं, "आत्ता कसं!" म्हणून जातं. आजवर एकानंही पकडलं नाही. हे इथं लिहिलं म्हणून धंदा बसला तर मामा तुम्ही जबाबदार.

रातराणी, टिळकवाडी

मामा, कान तपासणं हेच माझं काम आहे म्हणून जरा दटावून लिहिते. तीन आठवडे एका कानात शिट्टी आहे आणि तुम्ही इथं विचारताय? उद्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, करून घ्या. ह्या वेळी उशीर झालाच आहे, पुढच्यासाठी आणि इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. मोठ्या आवाजानंतर कान दडपला आणि एका दिवसात सुटला नाही, किंवा एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं, तर त्याच दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं. तेव्हाच औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. "मळ असेल" म्हणून तेल ओतत बसायचं नाही.

आत काय होतं ते थोडक्यात. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात, आवाज मेंदूला पोहोचवणाऱ्या. मोठ्या आवाजानं त्या दमतात. विश्रांती मिळाली तर बऱ्याच सावरतात, तुमचा उजवा कान दुसऱ्या दिवशी सुटला तो तसा. पण मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. सगळ्यात आधी जातात त्या बारीक, उंच आवाजाच्या. आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. माणसाला वाटतं आपल्याला ऐकू तर येतंय, लोकच पुटपुटतात. स, श, त, प असल्या व्यंजनांच्या कडाच उडालेल्या असतात. तुमचं सत्तर-ऐंशी मला तरी त्यातलंच वाटतं.

हिशेब असा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. तुमच्या सोफ्यावर १०० होतं असं धरलं, आणि मला ते कमीच वाटतं, तर पहिल्या तीन-एक गाण्यांतच दिवसाचा कोटा संपला होता. निपाणीच्या दादांनी सांगितलेले ते १२ डेसिबल खाली उतरलात, तर तोच कोटा चार तास पुरतो. नुसती खुर्ची मागं नेल्यानं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जो निकष दिला त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये असंच आहे. आपल्याकडे मोजतो कोण, हा भाग वेगळा.

कापसाचा उपयोग नाही, जेमतेम थोडे डेसिबल कमी होतात आणि आपण सुरक्षित आहोत असं उगाच वाटतं. स्पंजचे इअरप्लग घ्या. पण घालायची रीत आहे. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, मग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. बरोबर बसला की आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा येतो. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो दागिना समजा.

स्पंजनं बारीक आवाज जास्त मरतो, गाणं जाडंभरडं लागतं. ज्यांना गाण्याची मजा घालवायची नाही त्यांच्यासाठी फिल्टरवाले प्लग मिळतात. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरवतात. महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात.

२०२४ मध्ये अलका याज्ञिक यांनी आपल्याला ऐकू येईनासं झाल्याचं स्वतः जाहीर केलं होतं, आठवत असेल. त्यांचं कारण विषाणूचं होतं, मोठ्या आवाजाचं नव्हे. पण त्याच निवेदनात त्यांनी तरुण गायकांना आणि चाहत्यांना मोठा आवाज आणि हेडफोन जपून, असं बजावलं. माझं म्हणणंही तेच आहे. तुम्ही वर्षातून दहा वेळा जात असाल. तुमचा भाचा?

उद्यमबाग, दुसरी पाळी

मी फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला आहे. आमच्यात प्लग न घालता आत गेलं की सुपरवायझर बाहेर काढतो. दोरीवाले, केशरी. सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात शूज-हातमोज्यांच्या शेजारी लटकवलेले असतात, फार पैसे पडत नाहीत. दोरीवालेच घ्या, गळ्यात राहतात, पडत नाहीत.

रातराणीताईंचं वाचून मात्र जरा गप्प झालो. मी आठ तास कान झाकतो, पाळी सुटली की प्लग खिशात घालतो आणि गणपतीच्या मिरवणुकीत त्या डॉल्बीसमोर नाचतो. (डॉल्बी म्हणजे आपण म्हणतो ती स्पीकरची भिंत. त्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही, नाव आपणच पाडलंय.) खिशातच असतात मर्दा, तरी घालत नाही. पोरं बघतात म्हणून.

खानापूरची सून

आमच्या गावात यात्रा कमिटीत मी आहे, म्हणून दुसरी बाजू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. मामांची यात्रा रात्री दीडला सुटली म्हणजे नियम कुठं राहिला ते तुम्हीच बघा. ११२ ला फोन करता येतो. पण गावात फोन कुणी केला ते सकाळी नळावर कळतं, हेही खरं.

आम्ही ह्या वर्षी दोनच गोष्टी केल्या. सुपारी देतानाच ठरवलं की टॉप उंच बांधायचे. आणि सोफे स्टेजपासून चाळीस पावलं मागं घेतले, पुढची जागा नाचणाऱ्या पोरांना सोडली. पाहुण्यांना सांगितलं, "पोरं धूळ उडवतात, तुम्ही मागं बसा." पाहुणे उलट खूश. आवाजाचा विषयच काढला नाही, काढला असता तर भांडण झालं असतं.

वडगावचा मामा

ताई, जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवून बटण दाबायला लावतात ते केलं. उजवा ठीक. डाव्याला ताईंनी सांगितला तसाच खड्डा, तिथंच. तो ऑर्केस्ट्राचा की लहानपणी मागाच्या खोलीत झोपायचो त्याचा, हे मशीन सांगत नाही. शिट्टी कदाचित राहील, सवय होईल, पुढं जपा, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "मी दोन वर्षं सांगतेय." ती सांगत होती हे मला ऐकू आलं नव्हतं, असं म्हटलं तर रागावली.

काल पुन्हा कार्यक्रम होता, हिंडलग्याच्या पुढं. केशरी दोरीवाले घेऊन गेलो. पोरांनी धरून सोफ्यावर नेलंच. पहिली दोन गाणी तिथंच काढली, प्लग घालून. शेजारच्या मेंबरांनी विचारलं, "मोबाइलवर मॅच ऐकताय काय ओ?" मी मान हलवली. त्यांनी दोरीच्या दुसऱ्या टोकाचा प्लग हातात घेतला आणि स्कोअर ऐकायला कानाला लावला. मग उठलो आणि निपाणीकरांचं वाक्य शब्दाला शब्द म्हटलं, "पॅड कसं येतंय ते मागून ऐकतो." पोरगं खरंच खुर्ची घेऊन माझ्या आधी मिक्सरपाशी पोचलं. तिथं प्लग काढून दोन गाणी ऐकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ढोलकीच्या मागं वाजणारी बासरी ऐकू आली. मिक्सरवाल्याकडं तो न जोडलेला फेडर शोधत होतो. त्याला संशय आला बहुतेक, त्यानं हातानं झाकला.

रातराणीताईंनी शेवटी विचारलेलं मात्र डोक्यातून जाईना. पोरगं ड्रम आणि मॉनिटरच्या मधोमध बसतं, चार-चार तास, सीझनला आठवड्यातून तीन-चार दिवस. मध्यंतरात त्याला माझा प्लग दिला. एक गाणं वाजवून काढून टाकला. म्हणाला, "मामा, विहिरीत बुडून वाजवल्यासारखं वाटतंय, ठेका सापडेना." मी म्हटलं, "अरे, तुझ्या पॅडला स्वतःचा आवाज आहे कुठं? हेडफोन लावून बारीक ऐक, मॉनिटर कमी करायला सांग." तो म्हणाला हेडफोन लावला की गाणाऱ्या ताईंची खूण कळत नाही. नंतर जेवताना कुठं बघत नसल्यासारखं करून त्यानं विचारलं, ते फिल्टरवाले कितीला मिळतात. मी भाव विचारून सांगतो म्हटलंय. रातराणीताई, ऑक्टोपॅडवाल्याला कुठल्या प्रकारचे चालतील तेवढं लिहा.

आणि एक. माझ्या जोडीतला एक प्लग दोरीतून सुटून त्या सोफ्याच्या फटीत गेला. स्पंज बाहेर आलाय ना, त्याच कोपऱ्यात. बोटं घालून बघितली, हाताला दोन रुपयांचं नाणं आणि कुणाची तरी केसांची पिन लागली. सोफा आज सांबऱ्याला लग्नाला गेलाय म्हणे. कुणी तिथं जाणार असलात तर बघा.